दुसऱ्या पारड्यातलं दुपटं

सायली, ये बाई, अशी जवळ येऊन बस. लांबचं मला हल्ली नीट ऐकू येत नाही आणि तुला तर लांबूनच बोलायची सवय लागली आहे. बाळ झाल्यापासून तू मला त्याचे फोटो पाठवतेस, वजन पाठवतेस, वजनापुढे तो हसरा पिवळा गोळा पाठवतेस. बाळ काही पाठवत नाहीस. हिंजवडी आणि वारज्याच्या मधे समुद्र लागतो का गं? रस्त्यात गर्दी असते म्हणे. असते ना. पण त्याच गर्दीतून तू रोज कामावर जायचीसच की.

आणि दुसरं. नको ते मात्र मला लांबूनही ऐकू येतं. परवा फोन चालूच ठेवून तू मैत्रिणीशी बोलत होतीस. तिनं विचारलं, तुझी आत्या काय करायची? तू म्हणालीस, "इंजिनिअरिंग कॉलेजात कार्पेंटर होती." मला राग नाही आला. सुतारकाम हलकं थोडंच आहे? तुझ्या आजोबांनी जन्मभर लाकडावरच पोट भरलं. पण जे नव्हतं ते नव्हतं. तेवढ्यात या अंकाच्या संपादकबाईंचा निरोप आला, तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा. म्हटलं, बरं झालं. भाचीला समोर बसवून सांगायला गेलं तर ती मधेच फोन घेईल. छापून आलं म्हणजे वाचावंच लागेल. वाचकहो, तुम्हीही बसा. भाचीला रागावताना चार माणसं ऐकायला असली की बरं वाटतं.

तर मी नमुने करायची. एखादी वस्तू कारखान्यात हजारांनी निघायच्या आधी तिची एक हुबेहूब प्रत हातानं करून बघतात. मिक्सर, टेलिफोन, स्कूटरचा दिवा, काहीही. खऱ्या वस्तूचा साचा पोलादाचा असतो, तो एकदा कापला की कापला. मग "इथं जरा गोल हवं होतं" म्हणून चालत नाही. म्हणून आधी नमुना. लाकूड, प्लॅस्टर, पत्रा, फोम, ज्यात जमेल त्यात करायचा, घासायचा, रंगवायचा. बटण दाबलं तर दाबलं जाणार, पण होणार काही नाही, कारण आत काही नसतं. आत फक्त मी घातलेलं वजन असायचं. पोकळ नमुना उचलला की माणसाच्या तोंडावर लगेच दिसतं, 'हॅ, खेळणं आहे.' म्हणून खऱ्या वस्तूचं जेवढं वजन होणार तेवढे शिशाचे छर्रे मी आत मेणात बसवायची. मग तोच माणूस नमुना दोन्ही हातांनी धरायचा आणि जपून खाली ठेवायचा. ते बघायला मला फार आवडायचं.

हे शिकवलं कोणी? कॉलेजनं नाही. माझं शिक्षण दहावी. वडील खडकीला कारखान्यात ओतकामाचे लाकडी नमुने करायचे आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या विहारांसाठी प्लॅस्टरच्या बुद्धमूर्ती. मूर्ती घासायचं काम माझं. ते म्हणायचे, "रंजे, डोळे मीट, गालावरून बोट फिरव आणि सांग कुठं अडतंय." अडलं की पुन्हा घासायचं. बुद्धाच्या कानाची पाळी मी किती वेळा घासली असेल, त्याला हिशेब नाही. त्या कानावरच मी पुढे इंजिनिअरांच्यात उभी राहिले.

आमचा विभाग म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाची पत्र्याची लांबलचक खोली. दारावर पाटी होती, 'औद्योगिक तंत्रज्ञान व उपयोजित डिझाइन संशोधन कक्ष'. आमचे प्रमुख दामले सर म्हणायचे, पाटी खोलीपेक्षा लांब आहे. कॉलेजच्या लेथवर काम करणारे आमच्या वस्तीतले एक मामा होते, त्यांनी सरांना माझ्याबद्दल सांगितलं. सरांनी बोलावून घेतलं, हातात एक साबणाची वडी दिली आणि म्हणाले, "ही अशीच्या अशी लाकडात करून आणा." मी करून आणली. सरांनी दोन्ही वड्या पाठीमागे धरल्या, बराच वेळ चाचपल्या आणि विचारलं, "यातली साबणाची कुठली?"

म्हटलं, "वास घ्या ना सर."

त्या दिवसापासून मी तिथली झाले. सरांचं कौतुक म्हणजे एवढंच असायचं, "ओव्हाळबाई, तुम्ही पॉलिश पेपरला दमवता हो." त्यावर मी आठवडाभर खूष.

ते दिवस कसे होते, तुला सांगून कळणार नाही, तू बालवाडीत होतीस. बाजार उघडला होता. लक्ष्मी रोडच्या दुकानांत परदेशी माल काचेआड दिसायला लागला होता. भोसरी-चिंचवडचे छोटे कारखानदार वडिलांच्या वेळची एकच वस्तू करत निवांत होते. ते घाबरेघुबरे होऊन आमच्या पत्र्याखाली यायला लागले. कुणालाच नेमकं माहीत नसायचं काय हवंय ते. एकजण पंख्याचं रेग्युलेटर घेऊन आले, म्हणाले, "बाई, याला जरा जपानी करा."

"जपानी म्हणजे कसं?"

"म्हणजे… कोपरे गोल."

महिन्याभरानं दुसरे आले, त्यांना जर्मन हवं होतं. विचारलं, जर्मन म्हणजे? तर म्हणे कोपरे टोकदार. दामले सर आतून ओरडले, "ओव्हाळबाई, मधला एखादा कोपरा भारतासाठी ठेवा!" एक मिक्सरवाले तर पत्नीला घेऊन आले. ती बाई अख्खा तास एक शब्द बोलली नाही. हात ओला करून माझ्या प्रत्येक नमुन्याची मूठ धरून बघत होती. जाताना एका मुठीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही सुटत नाही." तिच्या नवऱ्यानं त्या मुठीचं भांडं पुढे किती वर्षं विकलं!

आमच्याकडे मृणाल नावाची एक मुलगी पीएच.डी. करत होती. तिचा विषय असा, की छोट्या कारखान्यात नवीन वस्तू जन्माला येते ती नेमकी कशी. कल्पना कुठून येते, कुणाला सुचते, मोठ्या प्रयोगशाळेशिवाय ती वस्तूपर्यंत पोचते कशी. आता हे कुणाला विचारलं तर कोण सांगणार? म्हणून ती नुसती बसून राहायची, माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर, आणि मधून मधून विचारायची, "का?" मी रंधा उलटा धरला, का? समोरच्या कारखानदारानं मान हलवली, का? सुरुवातीला मला वाटायचं, हिला उचलून बाहेर ठेवावी. नंतर ती नसली की हात चालेना. संशोधन म्हणजे काय, हे मला त्या मुलीमुळे कळलं. जे आपण करून मोकळे होतो, तिथं ती थांबायची.

आणि मग आले करडेशेठ. त्यांच्याबद्दलच मला खरं सांगायचंय.

करडेशेठांचं शनिवार पेठेत तराजूंचं पिढीजात दुकान आणि भोसरीला छोटा कारखाना. वाण्याच्या दुकानातले दोन पारड्यांचे पितळी काटे ते करायचे. वजनमाप खात्याचा शिक्का त्यांच्या काट्यावर पहिल्या फटक्यात पडायचा, याचा भारी अभिमान. पण आता आकडा दाखवणारे विजेचे काटे आले होते. वाणीसुद्धा पितळेकडे बघेनात. कामगार कमी करत करत शेठ अशा ठिकाणी आले होते, की पुढचं काही उभं राहिलं नाही तर दुकानाला कुलूप. स्टुलावर बसून ते म्हणाले, "सर, आम्ही आता वजन करायचं सोडून काय करायचं? शेंगदाणे विकायचे?"

दामले सरांनी आणि त्यांनी मिळून ठरवलं, वाण्याच्या काट्यात मोठ्या कंपन्यांशी झुंजायला नको. लहान बाळांचं वजन करायचा विजेचा काटा करायचा. दवाखान्यांना हवा, आरोग्य केंद्रांना हवा, आणि परदेशी काटा खेड्यातल्या दवाखान्याला परवडत नाही. आत एक धातूची पट्टी असते, तिच्यावर वजन पडलं की ती केसाएवढी वाकते. ते वाकणं विजेला कळतं आणि खिडकीत आकडा उमटतो. पट्टीचं आणि विजेचं काम सरांच्या विद्यार्थ्यांकडे, बाळ ठेवायच्या तबकाचं माझ्याकडे. त्या तबकासाठी मी शेजारपाजारची बाळं मांडीवर घेऊन बसायची. डोक्याकडे खोल, पायाकडे उथळ, कडा अशी की आईचा हात तिथं आपसूक टेकावा. बुद्धाच्या गालासारखं गुळगुळीत केलं मी ते.

तबक झालं, पण आतलं यंत्र होईना. बाळ स्वस्थ पडत नाही ना! ते पाय झाडायचं आणि आकडा नाचायचा. तेवढ्यात स्वारगेटजवळ लघुउद्योगांचं प्रदर्शन आलं. शेठनी आधीच गाळा घेऊन ठेवला होता. मुंबईचे एक मोठे वितरक येणार होते, त्यांना "माल तयार आहे" असंही सांगून बसले होते. मग काय, नमुनाच मांडायचं ठरलं. शेठ म्हणाले, "खिडकी काळी नको हं. काळी खिडकी म्हणजे दुकान बंद. आकडा दिसला पाहिजे." मी काचेवर लाल आकडे रंगवले, मागे छोटा दिवा लावला. सर म्हणाले, गुटगुटीत बाळाचं वजन घाला. खिडकीत झळकायला लागलं, तीन किलो दोनशे. इतकं खरं दिसत होतं, की सर स्वतःच दोनदा तबकात वाकून बघून आले.

प्रदर्शनाच्या सकाळी शेठ एक कापडी थैली घेऊन आले. आत त्यांच्या आजोबांच्या हातचा पितळी काटा. कुठलंही नवं काम सुरू करायचं तर आधी त्या काट्याला हळदकुंकू, फूल, मग पुढचं. पूजा झाली. सरांनी जरा घसा साफ केला. "शेठ, हा आता खाली ठेवू या का? नव्याशेजारी जुना दिसला तर लोकांचा गोंधळ होईल." काटा टेबलाखाली गेला, वरून टेबलक्लॉथ सोडला.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. मुंबईचे वितरक आले होते, शेठ आणि सर त्यांना पलीकडच्या टोकाला माहितीपत्रक दाखवत होते. मृणाल माझ्याजवळ होती. तेवढ्यात भोरच्या एसटीतून उतरलेल्या दोघी सावलीला म्हणून आत आल्या. एक म्हातारी आणि तिची सून, सुनेच्या छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. इतकं लहान, की नुसतं दुपटंच धरलंय असं वाटावं. पाणी प्यायल्या. म्हातारी पदरानं वारा घेत सांगायला लागली, "सातव्यातच झालंय बगा. दवाखान्यात काचंच्या पेटीत ठिवलं व्हतं. आज परत दाखवायला बोलीवलंय. डाक्टर म्हनला, वजन नाय वाढलं तर परत ठिवून घेनार."

मी "हं" म्हणत टेबल पुसायचं फडकं उचलायला वळले, तेवढ्यात सुनेनं बाळ तबकात ठेवलं. काटा दिसला, ठेवलं. तिचं काय चुकलं? आणि खिडकीत आकडा होताच.

"आई! अवं आई, तीन! तीनच्या वर गेलंय!" ती हसत होती की रडत होती, सांगता यायचं नाही. म्हातारीनं बाळावरून हात ओवाळून बोटं कानशिलावर मोडली. सुनेनं बाळ उचललं, पिशवी खांद्याला लावली. "चला, आता कशापायी दवाखान्यात जायाचं? भोरची गाडी लागलीच आसंल."

सायली, माझ्या हातात फडकं तसंच. पलीकडे वितरक, त्यांच्या हातात शेठचं माहितीपत्रक, चेहरा होकाराचा. मी तोंड उघडलं तर शेठच्या दुकानाला कुलूप. नाही उघडलं तर ते बाळ भोरच्या गाडीत. मी शेठकडे पाहिलं. शेठ माझ्याकडेच बघत होते, त्यांनीही सगळं ऐकलं होतं. विचार करायला वेळ होता असं मी म्हणणार नाही. ती दाराशी पोचली होती.

"थांब, बाई," मी म्हटलं, आणि माझा आवाज तुला माहीत आहे. "तो काटा खरा नाही. नुसता दाखवायचा आहे. आकडा रंगवलेला आहे."

ती वळली. आधी तिला समजलंच नाही. मग समजलं. तिनं बाळ छातीशी आवळलं आणि म्हणाली, "वजन कुनी रंगवतं व्हय?"

मी फडकं खाली ठेवलं.

वितरक पुढे आले. खिडकीवर टिचकी मारली. "करडेशेठ, म्हणजे हे खेळणं आहे?"

शेठांच्या कपाळावर घाम होता. पण आवाज त्यांचा दुकानातलाच निघाला. "हो, खेळणं आहे. खरा काटा टेबलाखाली आहे."

आणि वाकून त्यांनी आजोबांचा काटा बाहेर काढला. माझा नमुना कोपरानं बाजूला सारला, पितळी काटा मधोमध ठेवला, पारडी स्थिर व्हायची वाट पाहिली. काटा मध्यावर आला तेव्हाच मान वर केली. "आण पोरी त्याला."

"उघडं करावं लागंल का? सर्दी व्हईल," म्हातारी म्हणाली.

"कशाला उघडं करायचं? पिशवीत दुसरं दुपटं आहे का? असंच?"

होतं. एका जुन्या लुगड्याची म्हातारीनं दोन दुपटी शिवली होती, एकाच मापाची. शेठनी बाळ दुपट्यासकट एका पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्या दुपट्याची घडी दुसऱ्या पारड्यात. मग त्या घडीवर वजनं चढवायला लागले. बाळ किंचाळलं. मी घाबरून पारड्याला हात लावला, तर म्हणाले, "ओव्हाळबाई, हात काढा. तुमचं वजन आम्हाला नकोय."

दोन किलो ठेवलं. दोनशे, पुन्हा दोनशे. काटा अजून बाळाकडेच. शेवटी पन्नासाचं ठेवलं आणि काटा हलत हलत मधे येऊन थांबला.

"दोन किलो साडेचारशे," शेठ म्हणाले. "मागच्या खेपेला किती होतं?"

"दोन तीनशे," सून म्हणाली. तिच्या बोटांवर हिशेब चालला होता. "म्हंजी… वाढलंय?"

"वाढलंय. तीन नाही, पण वाढलंय आणि खरं वाढलंय. तरी दवाखान्यात जायचंच. तिथंही एवढंच भरेल. नाही भरलं तर त्यांचा काटा बिघडलाय म्हणून सांगा."

त्या दोघी दवाखान्याकडे गेल्या. वितरक मुंबईला गेले, चहा अर्धा ठेवून. शेठ खुर्चीवर बसले आणि टेबलक्लॉथच्या टोकानं तोंड पुसलं. दामले सरांनी माझ्या नमुन्यामागची दिव्याची वायर काढून टाकली. खिडकी काळी झाली. मला वाटलं, संपलं. शेठचं दुकान, आमचा काटा, सगळंच.

आणि त्या सुतकात मृणालचा आवाज आला. "शेठ, तुम्ही दुसरं दुपटं त्या पारड्यात ठेवलंत. का?"

शेठ वैतागले. "अहो, का काय? कापडाला कापड! गिऱ्हाईक तेलाचा डबा घेऊन आलं तर वाणी आधी रिकाम्या डब्याचा धडा करतो की नाही? डब्याइतकंच दुसऱ्या पारड्यात टाकायचं, मग तेल मोजायचं. बाळाचं काय वेगळं आहे?"

मृणाल सरांकडे बघत राहिली. मग सर हळूच म्हणाले, "आपलं यंत्र बाळाला उघडं करायला लावतं."

लावत होतं खरं. इतके महिने आम्ही सगळे उघड्या बाळाचा काटा करत होतो. उघडं बाळ गारठतं, रडतं, पाय झाडतं, म्हणून आकडा नाचतो, आणि आम्ही दोष पट्टीला देत होतो. गुंडाळलेलं बाळ शांत पडतं. पण मग दुपट्याचं वजन वगळायला हवं. मृणालनं सांगितलं, परदेशी काट्यांत तशी सोय असते. भांड्याचं वजन शून्य करायचं बटण असतं. ते आम्ही खर्च वाचवायला गाळलं होतं, कारण बाळाला भांडं कुठं असतं? बाळाला दुपटं असतं, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात येऊ नये! दामले सर तर स्वतःच्या घरी नातवाला रोज दुपट्यात गुंडाळत होते.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर पांढऱ्या साडीतल्या एक सिस्टर आल्या, दवाखान्यातल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काल भोरच्या बाईला कापडासकट वजन करून कोणी दिलं?" शेठ उभे राहिले. आता ही बाई रागावणार, असं सगळ्यांना वाटलं. सिस्टर म्हणाल्या, "आमच्या काट्यावर तेवढंच भरलं. बाळ घरी सोडलं. पण मला एक सांगा, थंडीत आम्ही बाळं उघडी करतो, ती निळी पडतात, म्हणून माझ्या हाताखालच्या नर्स मुली कापडासकट मोजतात आणि कापडाचं अंदाजानं कमी करतात. एकीचा अंदाज दुसरीला जुळत नाही. तुमचा हा काटा कापड वगळणार असेल तर माझ्या वॉर्डात आणा. रंगवलेला आकडा नको." बातमी तिथपर्यंत पोचली होती तर!

त्या वॉर्डात आमचा काटा खऱ्या अर्थानं तयार झाला. मी तबक आणखी रुंद केलं, दुपट्याची घडी मावावी म्हणून. आणि बटण केलं. बटणावर काय लिहायचं यावर सर आणि शेठ यांचं कडाक्याचं वाजलं. शेवटी मी काहीच लिहिलं नाही, घडी घातलेल्या दुपट्याचं चित्र कोरलं. जिला वाचता येत नाही तिलाही कळावं. आधी दुपटं ठेवायचं, बटण दाबायचं, खिडकीत शून्य. मग त्याच दुपट्यात बाळ. सिस्टरनी पहिल्यांदा दाबलं, बाळ ठेवलं, आकडा दोनदा थरथरला आणि थांबला. सिस्टर म्हणाल्या, "हं." कडक बाई होत्या, "हं" म्हणजे खूप. शेठनी मात्र खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरल्याचं सोंग केलं.

शेठचं दुकान राहिलं. मोठे झाले असं नाही, पण काटे विकले गेले, आधी त्या दवाखान्यात, मग एकाचं पाहून दुसऱ्यात. भोसरीतले कामगार राहिले. आम्ही काही शोध लावला नाही, अशी बटणं जगात होतीच. पण बटणावर दुपटं आमचंच. आणि आमच्या पत्र्याखाली त्यानंतर एक रीत पडली. नमुन्यावर आकडा रंगवायचा नाही. खिडकी असेल तर तीन आडव्या रेघा. घड्याळाचा नमुना असो, मीटरचा असो, रेघाच. नवीन विद्यार्थी विचारायचे, का? मग मी त्यांना स्टुलावर बसवायची.

मृणालच्या तोंडी परीक्षेला मला आणि शेठना तिनं मागच्या बाकावर बसवलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "या सुधारणेची मूळ कल्पना नेमकी कोणाची?" ती म्हणाली, "सर, माझा प्रबंध एवढंच सांगतो, की ते एका नावात सांगता येत नाही. आजीनं एका लुगड्याची दोन दुपटी शिवली. शेठनी एक दुसऱ्या पारड्यात ठेवलं. ओव्हाळबाईंनी खरं सांगून त्या बाईला थांबवलं. मी फक्त का म्हणून विचारलं." शेठ माझ्या कानात म्हणाले, "आपलं नाव घेतलं हो पोरीनं, आता चहा तिच्याकडून." मी रडत होते, त्यामुळे हसता आलं नाही.

पुढे कॉम्प्युटर आले. ज्या टेबलावर मी घासत होते तिथं पडदे मांडले गेले. मुलं वस्तू पडद्यावरच गोल फिरवून दाखवायला लागली. मग वस्तू थरावर थर रचून छापणारं यंत्र आलं. मी जे आठवड्यात करायची ते हे यंत्र एका रात्रीत करून ठेवायचं. मला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू? माझी पॉलिश पेपरची पेटी कपाटावर गेली ती गेली. पण मी पडदाही शिकले, मुलांशेजारी बसून. आणि छापून आलेली प्रत सर आधी माझ्या हातात द्यायचे. मी डोळे मिटून बोट फिरवायची आणि सांगायची, इथं अडतंय. बहुतेक वेळा अडत असायचं.

राहून गेलं ते एवढंच, की त्या भोरच्या बाईचं नाव मी विचारलं नाही. तिचा मुलगा आता तुझ्याएवढा नाही, पण कामाला लागलेला असेल.

मागच्या महिन्यात मी वारज्याच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासायला गेले होते. तिथं बाळांची रांग होती. काटा दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीचा, नवा. नर्स म्हणजे पोरगीच, एकीकडे फोनवर बोलतेय. तिनं दुपटं टाकलं, न बघताच बटण दाबलं, बाळ ठेवलं. बाळ झोपेतच राहिलं. माझा रक्तदाब त्या दिवशी अगदी छान निघाला.

तर सायली, मैत्रिणीला नीट सांग, आत्या नमुने करायची आणि आत्याच्या नमुन्यावर खोटा आकडा नसायचा.

आणि आता ये. करडेशेठ गेले तेव्हा त्यांच्या सूनबाई तो पितळी काटा माझ्याकडे आणून देऊन गेल्या, "मामंजी सांगून गेलेत" म्हणाल्या. कपाटात आहे, दसऱ्यालाच घासलाय. तुझ्या आजीचं मऊ सुती लुगडं मी जपून ठेवलं होतं. त्याची दोन दुपटी शिवली आहेत, एका मापाची, डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून बोटांनी चाचपत. तू काही आणू नकोस, फक्त बाळ घेऊन ये. तुझ्या फोनवरचा आकडा खरा की कसं ते बघू. पण लवकर ये हं. पारडं काही मोठं नाही, आणि फोटोत तो दिवसेंदिवस गुबगुबीत दिसायला लागलाय.